स्कूबात (सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहताना) फिन, म्हणजे पायातले रबरी पंख, मारताना पाय खाली जातात आणि तळाचा गाळ उडतो. फिनिंग आणि अंगाचा तोल सुधारायला काय करावं?

तुम्ही लिहिलंय की जोर लावूनही पुढे सरकत नाही, पाय लोंबतात, मागच्याच्या तोंडावर गाळ जातो, आणि इन्स्ट्रक्टर म्हणतो ‘पायात ताकद आणा’. हे शेवटचं वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलो. पायात ताकद आणून काही होत नसतं. आधी पाण्याखाली जायला कमरेला किती शिसं बांधलंय ते सांगा.

मी आर्वी तालुक्यातला. मोटर रिवाइंडिंगचं काम करतो, समुद्र आमच्यापासून अख्ख्या महाराष्ट्राएवढा लांब. हौसेनं पैसे साठवून कोकणातल्या एका सेंटरवर कोर्स केला. मी साठेक किलोचा, अंगात आखूड बाह्यांचा पातळ सूट, आणि पट्ट्यावर आठ किलो शिसं. सोबत पुण्याचे एक चांगले भरलेले गृहस्थ होते, त्यांनाही आठ. सगळ्यांना सरसकट आठ, कारण जड माणूस तळाशी गुडघे टेकून गप बसतो आणि शिकवणाऱ्याचा ताप वाचतो.

आता गंमत बघा. एवढं शिसं बांधलं की माणूस बुडतो, म्हणून अंगातल्या फुगवायच्या जाकिटात हवा भरावी लागते. हवा खांद्यांकडे जाते, शिसं असतं कमरेला. छाती वर ओढली जाते आणि ढुंगण खाली. अशा तिरक्या अंगानं फिन मारली की पाणी मागे जाण्याऐवजी खाली जातं, म्हणजे थेट गाळात. वर त्यातली निम्मी ताकद तुम्हाला पुढे नेण्याऐवजी नुसती उचलून धरण्यात जाते. खात्री करायची तर तळापासून चांगलं वर असताना पाय साफ बंद करा, हात छातीशी घ्या, श्वास चालू ठेवा. लगेच खाली जायला लागलात तर इतका वेळ पाय पोहत नव्हते, हमाली करत होते.

माझंही तेच चाललं होतं. तर तो इन्स्ट्रक्टर बोटीवर सगळ्यांसमोर म्हणाला, “विहिरीत शिकलेले हे असेच, नुसतं झोडपतात.” तेव्हा काही बोललो नाही. पण विहिरीतलं त्याला घंटा माहीत नव्हतं.

आमच्याकडे दोर तुटून पाणबुडी मोटर विहिरीत पडली की माझ्या मोठेबाबांना बोलावणं यायचं. एकदा कपाशीच्या ओलिताच्या दिवसांत शेजारच्या वावरात मोटर पडली, दोन पुरुष पाणी. मोठेबाबा पोहोचायच्या आत मालकाचा भाचा उडी मारून मोकळा. पोट्टा वर्धा नदी आडवी पोहणारा, छाती अशी. खाली जाऊन त्यानं असे पाय मारले की सारी विहीर चहासारखी झाली. दोर बांधणं सोडा, मोटरीला हातही लागला नाही. मोठेबाबा आले, वाकून पाहिलं, म्हणाले, “काहून झोडपते बे? आता बसा समदे.” आणि लिंबाखाली जाऊन विडी पेटवली. गाळ बसेपर्यंत आणि ऊन विहिरीत सरळ उतरेपर्यंत कोणालाही पाण्याला हात लावू दिला नाही.

दुपारी ते उतरले तेव्हा मी काठावर पालथा पडून पाहत होतो. एका हातात दोराला बांधलेला गोटा, त्याच्या वजनानं ते खाली गेले. तळाच्या हातभर वर आल्यावर गोटा सोडला आणि तसेच आडवे थांबले. गुडघे वाकलेले, पायांचे दोन्ही तळवे आभाळाकडे. विहिरीच्या बांधकामातल्या दगडांच्या खाचेत बोटं घालून त्यांनी स्वतःला मोटरीपर्यंत ओढत नेलं. पाय एकदाही हलला नाही. आकडा अडकवला, दोराला दोन झटके दिले आणि वर आले. खालचा चिखल जिथल्या तिथे.

फ्रॉग किक, म्हणजे बेडकासारखे पाय मारणं, तिच्या व्हिडिओत जे अंग दाखवतात ना, तेच ते. गाळानं भरलेल्या गुहांत उतरणारे डायव्हर हीच किक वापरतात, आणि कारणही तेच: गाळ उठला की परतीची वाट दिसत नाही.

कोर्सच्या शेवटच्या डाइव्हला शिकवायला दुसऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी मला पाण्यात एकदाच पाहिलं आणि पट्ट्यावरचं चार किलो काढलं. उरलेल्यातलं दोन किलो सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यात अडकवलं, म्हणजे वजन कमरेवरून खांद्यांकडे आलं. पाय तेच, फिन त्याच, आणि मी आडवा. वर आल्यावर आधीचे साहेब म्हणतात, “बघ, प्रॅक्टिसनं जमलं.” प्रॅक्टिस कसली डोंबलाची!

वजनाची चाचणी डाइव्हच्या शेवटी करा, सिलिंडरमधल्या हवेचा दाब 50 बारला आला की. जाकीट रिकामं, अंग उभं, पाय स्थिर, नेहमीसारखा श्वास घेतलेला. पाणी डोळ्यांच्या पातळीला हवं आणि श्वास सोडला की हळूच खाली जायला हवं. सुरुवातीला करू नका, कारण नेहमीच्या 11 लिटरच्या अॅल्युमिनियम सिलिंडरमधली दोनेक किलो हवा तुम्ही तोवर वापरून टाकता आणि शेवटी तेवढे हलके होता. स्विमिंग पूलचा हिशेबही समुद्रात चालत नाही. खारं पाणी अडीच टक्के जड, म्हणजे साहित्यासकट 100 किलोच्या माणसाला तिथे अडीच किलो जास्त लागतं.

किकचं म्हणाल तर घरी खाटेवर पालथे पडा. मांड्या खाटेला चिकटलेल्या, गुडघ्यापासून पाय वर. घोट्यातून तळवे बाहेर वळवा, मागे दाबत एकत्र आणा आणि थांबा. हे थांबणं कोणी करत नाही. पाण्यात एका किकवर जितकं सरकता येईल तितकं सरका, मगच दुसरी. मान वर ठेवून समोर पाहा. स्वतःच्या पोटाकडे पाहिलं की गुडघे पडलेच समजा. फिन कडक आणि रुंद घ्या. त्या मधोमध चिरलेल्या स्प्लिट फिन ओएलएक्सवर टाका, फ्रॉग किकला त्या कामाच्या नाहीत. उलटं सरकायची किक मलाच अजून धड येत नाही, ती दुसऱ्या कोणाला विचारा.

आता हे वाचून उद्याच सगळं शिसं फेकू नका. एकेक किलो कमी करा, तेही इन्स्ट्रक्टरसमोर. फार हलके झालात तर वर येताना शेवटी 5 मीटरवर जे थोडं थांबायचं असतं ते जमणार नाही, थेट वर फेकले जाल. प्रवाह अंगावर आला तर फ्रॉग किक पुरत नाही, तिथे सरळ लांब पाय मारावेच लागतात. आणि मोठेबाबांकडून पाय शिका, दम कोंडणं शिकू नका. ते एका दमात जायचे. सिलिंडरची हवा घेऊन दम कोंडला आणि वर आलात तर फुप्फुस फाटतं.

सरावाला जागा विचारली आहे. जिथे कोर्स केला त्यांच्याकडे किंवा नागपूरला एखाद्या पूलवाल्याला विचारून पाहा. विहिरीत सिलिंडर घेऊन उतरायचा विचार असेल तर तो सोडा. वापरात नसलेल्या विहिरीत पाण्याच्या वर घातक वायू साचलेला असू शकतो, पाण्यात मोटरीच्या केबली असतात, आणि अडकलात तर काठावरच्या लोकांना फक्त दोर ओढता येतो.