अवमूल्यन कोणाच्या हुकमाने?

प्रश्न : रंकाळ्यावर सकाळचे फिरणे झाले की चहाच्या गाड्यापाशी आमचा वाद रंगतो. इंदिरा गांधी यांनी १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन केले ते अमेरिकेच्या हुकमाने, असे एक निवृत्त शिक्षक ठामपणे सांगतात. दुसरे स्नेही म्हणतात, त्या तर रशियाच्या ओंजळीने पाणी पीत होत्या. दोन्ही खरे कसे असेल?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : दडपण होते का, हा एक प्रश्न, आणि दडपणाखाली निर्णय कोणाच्या हाती राहिला, हा दुसरा. आपल्या मंडळींनी ते एकत्र केलेले दिसतात.

दडपण होतेच. १९६५ च्या भारत-पाक युद्धात अमेरिकेने मदत थांबवली होती, त्याच वर्षी पाऊसही रुसला होता आणि १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. त्यातले बहुतेक अमेरिकेचे. रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी आणि तिची घशाखाली न उतरणारी भाकरी आपल्याकडच्या ज्येष्ठांना अजून आठवते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन गहू एकदम न देता हप्त्याहप्त्याने सोडत. अशा वेळी जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचा आग्रह मान्य करून ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे करण्यात आला.

तरीही ‘हुकूम’ हा शब्द मला पटत नाही. अवमूल्यनाची चर्चा शास्त्रीजींच्या काळातच सुरू झाली होती आणि जुना दर अवास्तव आहे, असे सरकारातील काही अर्थतज्ज्ञांचेही मत होते. शिवाय पुढच्याच महिन्यात इंदिराजींनी मॉस्कोत, उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबवावी अशी मागणी करणाऱ्या संयुक्त निवेदनावर सही केली. जॉन्सन संतापले आणि गव्हाची जहाजे आणखी रेंगाळली. ज्याच्या दारी धान्य मागायचे त्याला असे दुखवू नये, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या खासच नव्हत्या.

आता रशिया. ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-रशिया मैत्री करार आणि त्याच डिसेंबरात बांगलादेश युद्धाच्या वेळी सुरक्षा परिषदेत भारताच्या बाजूने रशियाने वापरलेला नकाराधिकार यांचे ऋण मोठे होते. पण रशियाचे नेते ब्रेझनेव्ह यांची आशियाई सामूहिक सुरक्षेची योजना भारताने कधीच स्वीकारली नाही. उलट जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानातून परकीय, म्हणजे रशियाच्या, फौजा मागे घ्याव्यात, या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. दुसऱ्या स्नेह्यांच्या बाजूने हा पुरावा खरोखर वजनदार आहे आणि त्यांनी तो अवश्य मांडावा. शिक्षक महोदयांना मात्र जुलै १९६६ चे ते मॉस्कोचे निवेदन कसे समजावता, एवढे विचारा.