वाचकांचे प्रश्न : साखरेचा साप उभा का राहत नाही?

दिवाळीची सुट्टी संपली की या सदराच्या टपालात दर वर्षी फेस आणि साप यांची पत्रे येतात. सुट्टीत मुलांनी मोबाइलवर काहीतरी पाहिलेले असते, ते स्वयंपाकघरातल्या डब्यांतून करून पाहिलेले असते आणि ते फसलेले असते. यंदा आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या आठवीतल्या मुलीने वाळूवर स्पिरिट ओतून साखर व सोड्याचा ‘काळा साप’ करायचे ठरवले. कोल्हापुरात राहून साखर कशाला, म्हणून मी तिला किसलेला गूळ वापरायला सांगितले. वाळूवर नुसता काळा चिकट गोळा झाला. दुसऱ्या वेळी साखर आणि बेकिंग पावडर घेतली, तर करंगळीएवढा तुकडा वर आला आणि थांबला. ज्योत विझली असे वाटून मी वरून आणखी स्पिरिट ओतले, तेव्हा भडका उडाला. सुदैवाने कोणाला भाजले नाही. आमचे काय चुकले? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : शेवटची चूक सर्वांत गंभीर आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. स्पिरिटची ज्योत फिकट निळी असते आणि दिवसाउजेडी ती जवळपास दिसतच नाही. विझली असे समजून आपण बाटली कलंडवतो, वाफ पेटते आणि ती आग धारेवरून थेट बाटलीच्या तोंडाशी पोहोचते. विद्यार्थिदशेत प्रयोगशाळेतला दिवा असाच ‘विझलेला’ समजून भरताना माझ्या दोन्ही भुवया गेल्या होत्या आणि महिनाभर वर्गात माझे नाव वेगळेच पडले होते. एकदा काडी लावल्यानंतर स्पिरिट पुन्हा ओतायचे नाही, हा नियम कायमचा पाळावा. साप अर्धवट राहिला तर राहू द्यावा, सगळे पूर्ण गार होऊ द्यावे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने मांडावे.

आता सापाविषयी. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. लहान चमचाभर, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, सोडा पूर्ण तापवला तर त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड खोलीच्या तापमानाला पाऊण लिटरच्या आसपास भरतो. हाच सोडा व्हिनेगरमध्ये टाकला तर जवळजवळ दीड लिटर, म्हणजे दुप्पट वायू मिळतो. तरीही व्हिनेगरमधून साप निघत नाही. फेस फसफसून वर येतो आणि क्षणात बसतो. वायू दुप्पट असूनही साप होत नाही याचे कारण असे, की तेथे बुडबुड्याला भिंत म्हणून फक्त पाण्याचा पातळ पापुद्रा मिळतो आणि तो लगेच फुटतो.

साखरेच्या सापात ही भिंत साखर पुरवते. ती आधी वितळून दाट पाक होते, मग तांबूस होते, तिच्यातले पाणी वाफ होऊन जाते आणि शेवटी कार्बन उरतो. सोड्याचा वायू नेमका पाक दाट असतानाच निघाला, तर बुडबुडे त्यात अडकतात आणि अडकलेल्या अवस्थेतच त्यांच्या भिंती जळून कडक होतात. खालून नवा फेस ढकलत राहतो, वरचा घट्ट झालेला भाग पुढे सरकतो, आणि आपण त्याला साप म्हणतो. तो हातात घेतला तर पापडाच्या तुकड्याइतकाही जड लागत नाही. मोडला तर आत भाजलेल्या पावासारखी छिद्रे दिसतात.

गुळाचे काय झाले, हे आता सहज कळेल. गुळात ओलावा असतो आणि साखरेबरोबर ग्लुकोज व फ्रुक्टोजही असतात. त्यामुळे किसलेल्या गुळाच्या गुठळ्या होतात आणि त्यात सोडा सगळीकडे सारखा मिसळत नाही. काही ठिकाणी नुसता गूळ जळतो, तर काही ठिकाणी नुसता सोडा तापून वायू हवेत निघून जातो. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हे खरे आहे, परंतु ते या कामासाठी मिळालेले नाही. बेकिंग पावडरची अडचण वेगळी आहे. तिच्यात सोड्याबरोबर कोरड्या रूपातले आम्ल आणि स्टार्च असतो, म्हणजे चमचाभर पावडरीत सोडा थोडाच येतो, आणि जो येतो त्यातला बराच वायू पाक तयार होण्याआधीच सुटतो.

पुन्हा करायचे असेल तर चार चमचे पिठीसाखर आणि एक चमचा खाण्याचा सोडा कोरड्या वाटीत नीट एकजीव करावा. लोखंडी घमेल्यात कोरडी वाळू घेऊन तिच्यात मधोमध खळगा करावा, तो आणि त्याच्या भोवतीची वाळू दोन-तीन चमचे स्पिरिटने भिजवावी, बाटलीला झाकण लावून ती दुसऱ्या खोलीत ठेवून यावे आणि मगच मिश्रणाचा ढीग खळग्यात ठेवावा. मिश्रण पसरू नये; ढीग उंच असला तरच फेसाला एका दिशेने रेटा मिळतो. काडी मोठ्यांनीच, लांब चिमट्यात धरून लावावी. अंगणात, वारा नसताना, सुती कपडे घालून आणि पाण्याची बादली जवळ ठेवून हे करावे. पहिले मिनिटभर काहीच घडत नाही असे वाटते. तेवढा धीर मुलीपेक्षा आपल्यालाच अधिक धरावा लागेल, असे पत्रावरून दिसते.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या घरी चांदीचे काम चालते, त्यामुळे तेजाब आणि गंधकाचे अ‍ॅसिड दोन्ही असते. साखरेत अ‍ॅसिड ओतले की स्पिरिटशिवाय काळा खांब वर येतो असे मी पाहिले आहे. थोडेसे घेऊन करू का? (हुपरी)

उत्तर : नाही. थोडेसेही नाही. तू पाहिलेस ते खोटे नाही, म्हणून कारण सांगतो. तीव्र सल्फ्युरिक आम्लाला पाण्याची इतकी ओढ असते की ते साखरेच्या रेणूतले हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्या रूपात ओढून काढते आणि मागे कार्बन ठेवते. या क्रियेत एवढी उष्णता निघते की ते पाणी जागच्या जागी उकळते आणि त्याच वाफेने काळा कार्बन फुगून वर येतो. सोबत सल्फर डायऑक्साइडही निघतो, जो घशात गेला की खोकला थांबत नाही. साखरेला आम्ल जे करते तेच ते कातडीला आणि डोळ्याच्या बुबुळाला करते. तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, चुकून साखरेत पडले तर साप तर येणार नाहीच, उलट तांबूस विषारी धूर निघेल, आणि त्याचा फुप्फुसांवरचा परिणाम काही तासांनीही दिसू शकतो. तुमच्या घरातल्या बाटल्यांवर नावे लिहिलेली आहेत का, हे मात्र आज संध्याकाळी वडिलांसोबत बसून पाहा. हा प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, धूर ओढून घेणाऱ्या कपाटात, शिक्षकाने करावयाचा आहे. तुला तो तिथे नक्की पाहायला मिळेल.

प्रश्न : आमच्या लहानपणी दिवाळीत सापाच्या गोळ्या असत. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून नातवाला त्याच आणून देते. सून म्हणते, त्या सर्वांत वाईट. तिचे खरे का? (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : आजी, या बाबतीत सूनबाईंचे म्हणणे खरे आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2016 मध्ये लहान मुले उडवतात त्या सहा फटाक्यांचा धूर मोजला. त्यात अतिसूक्ष्म कणांचे सर्वाधिक प्रमाण सापाच्या गोळीत निघाले : घनमीटरला 64,500 मायक्रोग्रॅम. आपल्याकडे हवेसाठी 24 तासांची सरासरी मर्यादा 60 आहे. हजाराची लडसुद्धा या गोळीच्या मागे राहिली. शिवाय भुईनळ्यापासून मूल दूर पळते, पण साप कसा वाढतो हे पाहायला ते गोळीवर तोंड घेऊन वाकते.

या खेळण्याचा पूर्वज तर याहूनही घातक होता. 1821 मध्ये फ्रीड्रिख व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, ते विद्यार्थी असतानाच, पाऱ्याच्या थायोसायनेट नावाच्या संयुगाविषयी लिहिले. ते पेटवले की पिवळट तपकिरी वेटोळे बाहेर येते. पुढे युरोपात ‘फॅरोचा साप’ या नावाने ते खेळणे म्हणून विकले गेले, आणि त्यातून पाऱ्याची वाफ निघते हे ध्यानात आल्यावर मागे पडले. आपल्याकडे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत पारा, शिसे, आर्सेनिक, अँटिमनी आणि लिथियम वापरण्यास मनाई केली आहे. मात्र आजच्या काळ्या गोळीत पारा नसला तरी दाट काजळीचा धूर असतोच.

प्रश्न : ‘हत्तीची टूथपेस्ट’ घरी करता येते का? मेडिकलमधून आणलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडने व्हिडिओसारखा उंच फवारा येत नाही. (इचलकरंजी)

उत्तर : येणार नाही आणि येऊही नये. व्हिडिओत 30 टक्क्यांच्या आसपासचे पेरॉक्साइड असते, जे कातडीला लागताच ती पांढरी पडते व भाजते. औषधाच्या दुकानातले सुमारे 6 टक्क्यांचे असते आणि बाटलीवर बहुधा ‘20 व्हॉल्यूम’ असे छापलेले असते. या शब्दांचा अर्थ मोठा मजेदार आहे : त्या द्रावणाच्या 1 मिलिलिटरमधून 20 मिलिलिटर ऑक्सिजन मिळतो. म्हणजे 100 मिलिलिटर घेतले तर 2 लिटर. घरातल्या परातीला एवढे पुष्कळ झाले.

अरुंद तोंडाच्या बाटलीत ते 100 मिलिलिटर घ्यावे आणि त्यात भांडी घासण्याचा द्रवसाबण चमचाभर टाकावा. वेगळ्या वाटीत चमचाभर यीस्ट कोमट पाण्यात पाच मिनिटे भिजवून मग एकदम ओतावे. यीस्टमध्ये कॅटलेज नावाचे विकर असते, ते पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. जखमेवर हे औषध लावले की फसफसते ते याच विकरामुळे, कारण ते आपल्या रक्तातही असते. यीस्ट मिळाले नाही तर कच्च्या बटाट्याचा कीस घ्यावा, फेस कमी येईल पण येईल. त्याच बटाट्याचा दुसरा अर्धा भाग उकडून घातला तर काहीच होत नाही. उकडल्यावर विकर निकामी होते. मला विचाराल तर फवाऱ्यापेक्षा ही दोन अर्ध्यांची तुलना अधिक पाहण्यासारखी आहे. फेस कोमट लागतो. त्याला हात लावायचा तर हातमोजे घालावेत, कारण त्यात न विघटलेले पेरॉक्साइड शिल्लक असू शकते. बाटलीला बूच कधीही लावू नये.

प्रश्न : वर्गात 50 मुले, प्रयोगशाळा नाही, ज्योत वापरायला परवानगी नाही. फेस शिकवायचा कसा? (शिक्षिका, कागल तालुका)

उत्तर : तीन काचेचे ग्लास पुरेत. तिन्हींत सारखेच व्हिनेगर घ्या. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात साबणाचे थोडे पाणी घाला, तिसऱ्यात शेंगदाण्याच्या तेलाचे काही थेंबही टाकून ढवळा. मग तिन्हींत एकेक चमचा सोडा टाका. वायू तिन्हींत सारखाच निघतो, परंतु पहिल्यातला फेस लगेच बसतो, दुसऱ्यातला काठावरून खाली उतरतो आणि तिसऱ्यातला कमी चढून लवकर फुटतो, कारण तेल साबणाचा पापुद्रा विस्कटते.

हीच गोष्ट आपल्या भागातल्या मुलांनी गुऱ्हाळावर पाहिलेली असते, फक्त तिच्याकडे रसायनशास्त्र म्हणून कोणी बोट दाखवलेले नसते. उसाचा रस उकळू लागला की काहिलीत फेस चढतो. भेंडीच्या चिकाने धरलेली मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात. आणि रस उतू जाईलसे दिसले की गुळव्या तेलाचे थोडे थेंब सोडतो आणि फेस खाली बसतो. हंगाम सुरूच आहे. जवळच्या गुऱ्हाळावर मुलांना घेऊन जा आणि तेल नेमके कोणत्या वेळी सोडायचे हे गुळव्यालाच विचारा. मुलांना मात्र काहिलीपासून चांगले लांब उभे करा, कारण तो पाक अंगावर उडाला तर झटकून निघत नाही.