ल्युपसमध्ये सतत थकवा येत असेल, तर चालावे की विश्रांती घ्यावी?

आपल्या वहिनींना ल्युपस, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार, आहे आणि दापोलीच्या घरी नुसते अंगण झाडले तरी त्या थकून बसतात, तेव्हा त्यांनी चालायला जावे का, असे आपण विचारले आहे. जरूर जावे, मात्र थोडे, सावकाश आणि ऊन टाळून.

हा थकवा म्हणजे आळस नव्हे, हे घरातल्यांनी आधी मनापासून मान्य करावे. रोग आटोक्यात असतानाही थकवा उरू शकतो. शिवाय त्यामागे रक्तक्षय, थायरॉईडचा विकार, अपुरी झोप किंवा नैराश्यही असू शकते, म्हणून डॉक्टरांकडून तपासणी अवश्य करून घ्यावी. निव्वळ पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि तेच काम पुढे अधिक जड जाते, तर बेताचा, नियमित व्यायाम अनेकांचा थकवा कमी करतो.

ल्युपस असलेल्या माझ्या आईने मागच्या दारापासून आगराच्या बेड्यापर्यंत, म्हणजे वाडीच्या फाटकापर्यंत, पाच मिनिटांच्या फेरीने सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी अंग गळून गेले नाही, तरच ती एखादे मिनिट वाढवीत असे, आणि पावसाळ्यात पडवीतच फेऱ्या मारी. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, जायचे असल्यास उजाडण्यापूर्वी किंवा सूर्य बुडाल्यावर जावे, कारण अतिनील किरणांनी ल्युपस उफाळू शकतो आणि वाळू ते किरण परावर्तित करते. ताप आला किंवा सांधे सुजले, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले किंवा धाप लागली, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.