एसएसडीला डीफ्रॅग करावं का?

प्रश्न : लॅपटॉपला हार्डडिस्क होती तेव्हा दर महिन्याला डीफ्रॅग करायचो. आता एसएसडी बसवली आहे. तसंच चालू ठेवू का? – एक शिक्षक, सातारा

उत्तर : नको, सर. हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते (काहींची ७२००) आणि विखुरलेली फाइल गोळा करायला वाचणारं हेड इकडून तिकडे धावतं. डीफ्रॅग म्हणजे फाइलचे तुकडे सलग लावणं, त्याने ती धावपळ वाचते. एसएसडी सगळं चिपमध्ये साठवते, तिच्यात फिरणारं काही नाहीच. उलट फुकटचं लिहिणं होतं, आणि लिहून घ्यायची तिची ताकद मोजकीच. विंडोज १० किंवा ११ आठवड्यातून एकदा आपणहून ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणं) चालवतं, ते बंद मात्र करू नका.

मध्यंतरी माझ्या टेबलावर एक ‘स्लो’ मशीन आलं. २५६ जीबीपैकी मोकळे जेमतेम तीन. डाउनलोड्समध्ये लग्नाचा एकच व्हिडिओ तीनदा! तो हलवला, मशीन पळायला लागलं. पैसे मागायला मलाच लाज वाटली. पंधरा-वीस टक्के जागा रिकामी असू द्या.

जुनी हार्डडिस्क बॅकअपला ठेवली असेल आणि टक्‌टक् वाजू लागली, तर डीफ्रॅग-स्कॅनच्या भानगडीत पडू नका. आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या.