सातबाऱ्यातला खंड म्हणजे तुकडा नव्हे

प्रश्न : मुरबाडकडच्या आमच्या वडिलोपार्जित शेताच्या सातबाऱ्यावर ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ असा रकाना आहे. यातला खंड म्हणजे जमिनीचा तुकडा, असं एका दलालाने सांगितलं. खरं आहे का? आणि शेत कसायला दिलं तर करारात ‘भाडं’ लिहावं की ‘खंड’? – एक वाचक, कोपरखैरणे

साफ चूक. नवी मुंबईत हा अर्थ सारखा कानावर पडतो आणि दर वेळी खटकतो. संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोने भूखंड द्यायच्या साडेबारा टक्के योजनेपासून इथे घरोघरी भूखंडाची चर्चा, त्यामुळे नुसता ‘खंड’ दिसला तरी लोकांना प्लॉटच आठवतो. सातबाऱ्यातला खंड म्हणजे कुळाने जमीनमालकाला वर्षाकाठी द्यायचं ठरलेलं धान्य किंवा पैसा. मात्र त्या रकान्यात जुन्या कुळाचं नाव असेल, तर आधी तहसील कार्यालय गाठा. कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी, काही अपवाद सोडून, कसणाऱ्या कुळांना जमिनीचे खरेदीदार मानलं आहे.

आता शब्दाकडे. ‘खंड म्हणजे पिकाचा भाग’ असं समजावणारे जाणकारही भेटतात. त्यांना माझा एकच सवाल : मग वाटा कशाला म्हणायचं? निम्म्याने, बटईने, कोकणात अर्धेलीने किंवा तिर्धेलीने शेत दिलं की पिकेल त्यात वाटणी होते. पाऊस बुडाला तर दोघांचंही नुकसान. खंडाने दिलं की आकडा आधीच ठरतो. पीक येवो न येवो, तेवढं द्यायचंच. शेतकऱ्याच्या लेखी हा फरक पोटापाण्याचा आहे, आणि तोच पुसून टाकणारी व्युत्पत्ती मला मान्य नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, ठाण्याच्या भातपट्ट्यात धान्य खंडीने मोजत, म्हणून खंड. तेही पटत नाही. रोख रकमेलाही खंडच म्हणतात, आणि खंडणीत कुठलं माप आलं?

खरी किल्ली त्या खंडणीतच आहे. आज तो गुन्ह्याचा शब्द झालाय, पण मराठेशाहीच्या कागदपत्रांत खंडणी म्हणजे ठरवून बांधून दिलेली देणी. खंडणे म्हणजे तोडणे, आणि त्यावरून घासाघीस तोडून रक्कम एकदाची पक्की करणे. खंडात तुकडा झालाय तो वाटाघाटीचा, जमिनीचा नव्हे.

हा माझ्या मनाचा खेळ वाटत असेल तर शेजारचा ‘मक्ता’ बघा. मक्त्याने शेत दिलं, म्हणजेही ठरावीक रकमेवर दिलं. शब्द अरबी, धातू क़-त-अ, आणि त्याचा अर्थ काय? कापणे! संस्कृत आणि अरबी या एकमेकींशी नातं नसलेल्या दोन भाषांतून आलेले शब्द मराठी बांधावर एकाच व्यवहारासाठी उभे राहिले, आणि दोघांच्या मुळाशी तीच एक क्रिया. सुलतानांच्या काळी सरदारांना महसूल तोडून देत तो इक्ता याच धातूचा. मुलं गिरवतात तो कित्ता याच घरातला. गझल जिथे संपते तो शेवटचा शेर, त्यालाही मक्ताच म्हणतात, कारण तिथे गझल तुटते. मक्तेदारीवर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जणांना त्यात गझल ऐकू येते?

‘फैसला’सुद्धा असाच. त्याचा धातू फ़-स-ल, म्हणजे वेगळं करणे. महसुलाचं ‘फसली’ साल त्याचंच भावंड. ठरवणं म्हणजे तोडणं हे आपल्या जमिनीच्या भाषेत इतकं खोल मुरलंय, म्हणून खंडाला ‘भाग’ म्हणून मोकळं होणाऱ्यांशी मी भांडतो.

करारात काय लिहावं हे राहिलंच. ‘भाडं’ खोलीला, बैलगाडीला आणि टेम्पोला. भूखंडाला सिडको लिहिते तसा ‘भाडेपट्टा’. कसायच्या शेताला ‘खंड’ लिहा, पुढे आकडा आणि तो कुठल्या महिन्यात द्यायचा तेही. पिकात हिस्सा ठरला असेल तर मात्र ‘वाटा’ लिहा, तिथे खंड लिहिणं चुकीचं.