अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात 'मी सार्वभौम नागरिक, तुमचा कायदा मला लागू नाही' म्हटलं की सुटका होते का?

नाही. स्वतःला सरकारच्या कायद्यांबाहेरचे, 'सार्वभौम' मानणाऱ्या या लोकांची 'मी ड्रायव्हिंग नाही, प्रवास करत होतो', 'कोर्टाच्या कागदांवर कॅपिटल अक्षरांत छापलेलं ते नाव माझं नाहीच', 'झेंड्याला सोनेरी झालर आहे, म्हणजे हे सागरी न्यायालय, त्याचा माझ्यावर अधिकार नाही', अशी ठरलेली वाक्यं असतात. पण गाड्यांची नोंदणी आणि लायसन्स यांचे नियम करण्याचा राज्यांचा अधिकार तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९१५ सालीच मान्य केलाय. २०११ मध्ये सातव्या सर्किटच्या (म्हणजे सातव्या विभागाच्या) केंद्रीय अपील कोर्टाने तर असे दावे सरळ फेटाळावेत, असं स्पष्ट लिहिलं.

खरं नुकसान वेगळंच होतं. अटकेनंतर श्वासाची चाचणी नाकारली की बहुतेक राज्यांत लायसन्स निलंबित होतं, खटल्याचा निकाल काहीही लागो. शिवाय गाडी थांबवायला सबळ कारण होतं का, यंत्र नीट तपासलेलं होतं का, वॉरंटशिवाय रक्त घेतलं का, हे बचावाचे खरे मुद्दे मांडायचेच राहून जातात. असे दावे लिहिलेले तयार 'कागद' विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पैसे ते घेतात, कोर्टात उभा राहतो तो घाबरलेला माणूस.

व्हिसावर असाल तर जास्तच जपा, नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. पहिल्याच दिवशी वकील गाठा.