१९२९ची तपकिरी शिक्क्याची नोट: आधी बँकेचं नाव वाचा

नमस्कार. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या गराज सेलमध्ये घेतलेल्या पुस्तकात तुम्हाला १९२९ची वीस डॉलरची नोट सापडली, वर 'नॅशनल करन्सी' लिहिलंय, शिक्का तपकिरी आहे आणि तिचे किती येतील, असं तुम्ही विचारलंय.

नोट किती जुनी यापेक्षा ती कुठल्या बँकेची, यावर भाव ठरतो. डावीकडे 'फेडरल रिझर्व्ह बँक' (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची शाखा) असं नाव आणि काळ्या ठसठशीत छपाईत ए ते एलमधलं एखादं अक्षर असेल, तर ती १९३३च्या बँक संकटात घाईने काढलेली नोट. अशा नोटा आजही सहज मिळतात. मथळा आणि शिक्का सारखाच असल्यामुळे बहुतेकांची गल्लत इथेच होते.

तिथे एखाद्या गावच्या बँकेचं नाव आणि काळा चार्टर नंबर (बँकेच्या सरकारी परवान्याचा क्रमांक) असेल, तर मात्र ती खरी नॅशनल बँक नोट. १८६३च्या कायद्याने बँकांनी सरकारी रोखे ट्रेझरीकडे, म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्याकडे, तारण ठेवून स्वतःच्या नावाच्या नोटा काढायच्या, ही पद्धत १९३५पर्यंत चालली. बारा हजारांहून जास्त बँकांनी त्या काढल्या. न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकेची वापरलेली नोट फार वर जात नाही. लहान गावातल्या बँकेच्या दोन-तीनच नोटा उरल्या असतील, तर हुबेहूब तशाच नोटेला कितीतरी पट भाव येतो.

आणि कृपा करून ती धुऊ नका, इस्त्री करू नका. सुरुवातीच्या काळात मी १९०२च्या मालिकेतली, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांचं चित्र असलेली दहाची नोट घेतली होती. पांढरीशुभ्र दिसली म्हणून खूश झालो. घरी टॉर्च तिरका धरला तर दाबून सपाट केलेल्या घड्या दिसल्या, छपाईचा उठाव बोटाला लागेना आणि बँकेच्या अध्यक्षांची शाईची सही पार धुऊन गेली होती. त्या सहीसाठीच तर मी ती घेतली होती! त्या काळी वॉशिंग्टनहून अख्खे ताव यायचे, बँकेतली माणसं सह्या करून ते कापायची. म्हणून त्या मोठ्या नोटांची कड वाकडी असली तरी बिचकू नये.

तुमची नोट मायलारच्या (पारदर्शक पॉलिएस्टर प्लास्टिकच्या) पाकिटात ठेवा, पीव्हीसी प्लास्टिकचं नको. गावाचं नाव आणि चार्टर नंबर कळवा. त्या बँकेच्या किती नोटा माहीत आहेत आणि लिलावात कितीला गेल्या, ते शोधून सांगतो.